लाख मंजिऱ्यांचा नेम

माझं लग्न ठरवताना वडिलांनी मुलाकडच्यांना सांगितलं होतं, मुलगी शास्त्र शिकलेली आहे. खरी गोष्ट अशी की मी नगरच्या कॉलेजात बी.एस्सी.चं पहिलं वर्ष काढलं होतं आणि त्यातही पदार्थविज्ञानात माझी दांडी उडाली होती. वनस्पतिशास्त्रात मात्र बरे गुण होते. त्या गुणांच्या जोरावर मी सत्तर सालच्या उन्हाळ्यात राहुरीपासून सहा-सात मैलांवरच्या एका वस्तीवर सून म्हणून जाऊन पोचले, आणि पहिल्याच आठवड्यात घराच्या मागच्या दारात उभं राहून ठरवून टाकलं, की इथं सुधारणेला पुष्कळ वाव आहे.

घरात माणसं तीन. हे राहुरीला एका सरकारी कचेरीत कारकून होते. सकाळी सायकलीवर जात, संध्याकाळी येत, आणि शेताची माहिती पाहुण्याइतपत ठेवत. सासरे मी येण्याआधीच गेले होते. शेत, विहीर आणि बैलजोडी हे सगळं सासूबाई बघत. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. बुटक्या, काटक आणि बोलायला कमी. आमच्या शेतातून कालवा जायचा होता, म्हणून सरकारने मोजणीचे दगड रोवले होते. दगड येऊन बरीच वर्षं झाली होती, पाणी मागून येत होतं.

एवढ्या शेतात आत्याबाईंचा जीव होता तो विहिरीजवळच्या चार वाफ्यांत. तिथं त्या कांद्याचं बी धरत. कांदा पुणतांब्याचा, त्यांच्या माहेरचा. लग्न होऊन आल्या तेव्हा आईने पदराला मूठभर बी बांधून दिलं होतं. लहान, गडद लाल, बारीक मानेचा कांदा. एक कापला तर ओसरीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी काढायचा, आणि दिवाळी आली तरी सडायचा नाही. माहेरी तो आता कुणी लावत नव्हतं. आई वारली होती आणि भाऊ बाजारच्या बियाण्याला लागले होते. म्हणजे तो कांदा जगात कुठं शिल्लक असेल, तर आमच्या चार वाफ्यांत. त्यातून कांद्याच्या बियाची खोड अशी की ते फार तर वर्षभर उगवतं. ज्वारीसारखं कणगीत टाकून विसरता येत नाही. दर साली नवं धरावं लागतं. एक साल चुकलं की वाण संपला.

दिवाळीनंतर आत्याबाई कांदे निवडायला बसत. एकेक कांदा हातात घ्यायचा, मान दाबून बघायची, मग विळीवर वरचा तिसरा हिस्सा कापून आत डोकवायचं. आत डोळा एकच असला तर तो बियाला, दोन असले तर भाजीला. बियाच्या कांद्याचा खालचा तुकडा वाफ्यात लावायचा. पौषात त्याला पोकळ उंच दांडे येतात, त्यांना आमच्याकडे डोंगळे म्हणतात. माघात डोंगळ्यांच्या टोकांना पांढऱ्या बारीक फुलांचे गोंडे येतात, आणि त्या गोंड्यांत चैत्रापर्यंत काळं बी भरतं. भरलं तर.

माझ्या पहिल्या माघात मी एक मौज बघितली. आत्याबाई सकाळी वाफ्यात शिरत आणि प्रत्येक गोंड्यावरून तळहात फिरवत जात. एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, अगदी न्हाऊमाखू घातलेल्या लेकरांच्या डोक्यावरून फिरवावा तसा. मी संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तुमच्या आई कांद्याला कुरवाळतात. हे हसले. त्या वर्षी निम्मे गोंडे पोचट निघाले. पाखडायला बसलो तर सुपात बी कमी आणि भूस जास्त.

“पैलं मधाच्या माश्या लई असायच्या,” आत्याबाई म्हणाल्या. “आता दिसत न्हाईत. म्हनून हात फिरवते. पर एकटीचा हात किती पुरनार?”

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. माझ्या पुस्तकात ज्या विषयाला दीड पान आणि तीन आकृत्या दिल्या होत्या, तो ही बाई तीस-पस्तीस वर्षं तळहाताने उरकत होती. यावरून काही शिकून मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मी त्यांना समोर बसवून परागीभवन समजावून सांगितलं. परागकण, स्त्रीकेसर, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“व्हय का?” त्या म्हणाल्या. “बरं झालं सांगितलंस.”

आता माश्या परत आणायच्या, हे मी माझ्या अंगावर घेतलं. कुणी दिलं नव्हतं. माझा तर्क असा होता की गावाने बांध खरवडून साफ केले, कुंपणं जळणाला तोडली, वर पिकांवर पावडरी मारायला सुरुवात केली. मग माशीने वर्षभर खायचं काय आणि राहायचं कुठं? तिला बाराही महिने काहीतरी फुललेलं दिसलं पाहिजे. झेंडू लावून भागणार नव्हतं, तो एका हंगामाचा गडी. झाड असं हवं की एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहील, थोड्या पाण्यावर निभावेल आणि शेळी त्याला तोंड लावणार नाही. ते मला ओढ्याच्या काठी सापडलं. रानतुळस. छातीपर्यंत उंच, खाली लाकूड झालेलं, पानं चुरगाळली की लवंगेसारखा दरवळ. एकेक मंजिरी वीतभर, आणि दर मंजिरीवर दोन-तीन माश्या. कापडाच्या तुकड्यात मंजिऱ्या बांधून आणल्या, बी काढलं, एकाहत्तरच्या आषाढात घराच्या मागे मोरीचं पाणी जिथं वाहत जातं तिथं टाकलं. ओढ्यावरून काही फांद्याही आणून खोचल्या. वीस-बावीस झाडं जगली.

वस्तीवरच्या बायकांनी नाकं मुरडली. शिकलेल्या सुनेनं परसात तण लावलं, ही बातमी पाणवठ्यावरून गावात गेली आणि गावातून आठवडी बाजारात. खरं तर तण हे वर्णन शास्त्राला धरूनच होतं, पण मला ते झोंबलं. आत्याबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “रानातलं रानात बरं असतंय गं. परसात आनलं की त्याला बी पानी लागतं, अन आपल्याला बी कारन सांगावं लागतं.”

मी कारण सांगत राहिले. पाणी मोरीचं होतं, ते फुकट होतं. दुसऱ्या माघात बोरीच्या झाडाला फुलोरी माश्यांचं तळहाताएवढं पोळं लागलं आणि कांद्याचं बी आदल्या वर्षीपेक्षा जरा बरं आलं. ते रानतुळशीमुळे आलं की त्या वर्षीच्या थंडीमुळे, हे कुणालाच सांगता आलं नसतं. पण मला अडवायलाही कुणी नव्हतं, म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले.

मग बहात्तर साली पाऊस आलाच नाही. त्या वर्षाबद्दल आमच्या भागात इतक्यांनी इतकं सांगितलंय की मी वेगळं काय सांगणार? विहिरीच्या तळाला पाणी गोळा व्हायला दिवस लागायचा, ते घागरीने शेंदायचं. आधी माणसं, मग बैल, आणि उरलं तर आत्याबाईंचे चार वाफे. त्या वर्षी वाफे चाराचे दोन झाले. कांदे निवडताना त्यांनी पूर्वी कधी नव्हता इतका वेळ लावला. दोनच वाफ्यांत सगळा वाण बसवायचा होता.

अशात वृंदावनातली तुळस वाळली. रोज तांब्याभर पाणी घालत होतो तरी वाळली, मुळाला वाळवी लागली असावी. कार्तिक उजाडला, तुळशीचं लग्न दोन दिवसांवर आलं आणि नवरीचा पत्ता नाही. वस्तीवर ज्याच्या त्याच्या दारात काटक्या उभ्या. आत्याबाई मागच्या दारात येऊन थांबल्या. मोरीच्या पाण्यावर माझी रानतुळस हिरवीगार उभी होती.

“ही बी तुळसच म्हनायची का गं?” त्यांनी मला विचारलं. शास्त्र शिकलेली म्हणून विचारलं.

माझ्या आयुष्यात माझं शास्त्र कुणी एवढ्या गरजेने विचारलं नव्हतं. मी म्हणाले, “अहो, एकाच कुळातली. सख्ख्या बहिणी म्हणा की.”

हे उत्तर परीक्षेत बरोबर ठरलं असतं. घरात ते फार महागात गेलं, पण ते पुढे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यात टपोऱ्या झुडपाभोवती सारवण झालं. उसाची खोपटी करायला ऊस नव्हता, म्हणून कडब्याची चार ताटं उभी केली. काचेच्या बांगड्या, हळदकुंकू, खणाचा तुकडा. ह्यांना मंगलाष्टकं दोनच येत होती, तीच त्यांनी आलटून पालटून पाच वेळा म्हटली. सात बायका आल्या होत्या. त्या दिवसापासून वस्तीवरचं वागणं फिरलं. वर्षभर जिला तण म्हणून हिणवलं, तिच्यापुढून जाता-येता बायका हात जोडू लागल्या. कुणी धुण्याचं उरलेलं पाणी आणून ओतू लागलं. मी खूश होते. माझ्या बागेला शास्त्राची मान्यता होतीच, म्हणजे माझी. आता धर्माचीही मिळाली.

त्र्याहत्तरच्या माघात ती फुलली. आजूबाजूला मैलोगणती फूल नावाची वस्तू उरली नव्हती. बाभळी वाळल्या होत्या, बांध उघडे पडले होते, आणि आमच्या परसात बावीस झुडपं मंजिऱ्यांनी लवली होती. माश्या कुठून कुठून आल्या कोण जाणे. फुलोरी आल्या, सातेरी आल्या, काळे भुंगे आले, पांढरी-पिवळी फुलपाखरं आली. स्वैपाकघरात भाकरी थापताना त्यांची गुणगुण ऐकू यायची. मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर जाऊन उभी राहायची. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या बायका वाट वाकडी करून बघायला यायच्या. त्या दिवसांत हिरवं बघायला मिळणं हीच चैन होती, आणि ती माझ्यामुळे मिळते आहे हे मी कुणाला विसरू देत नव्हते.

एका सोमवारी सकाळी, हे निघायच्या आत, ह्यांच्या कचेरीतले साहेब जीपमधून रस्त्याचं काम बघायला निघालेले आमच्याकडे चहाला थांबले. मागचं दार उघडं होतं. साहेब कपबशी घेऊन परसात आले आणि बघतच राहिले. “अशा काळात फुलबाग!” ते म्हणाले. “पुढच्या सोमवारी मोठे साहेब येणार आहेत. त्यांना दाखवलीच पाहिजे.” हे इतके फुलले, की त्या दिवशी सायकल घेऊन कचेरीत गेले ते हातात टिफिन न घेताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं तापल्यावर आत्याबाईंनी मला वाफ्याकडे बोलावलं. डोंगळे चांगले कमरेएवढे झाले होते आणि पहिल्या फुटीचे मोठे गोंडे पांढरेशुभ्र उमलले होते.

“हुबी ऱ्हा जरा,” त्या म्हणाल्या. “अन बघ.”

मी उभी राहिले. एक मुंगळा एका दांड्यावरून वर चढला आणि खाली उतरला. बाकी काही नाही. एवढ्या गोंड्यांवर एक माशी नाही. आणि पन्नास पावलांवर माझ्या परसातून गुणगुण ऐकू येत होती.

माश्यांचं काय चुकलं होतं? समोर पंचपक्वान्नाचं ताट मांडलेलं असताना कांदा कोण खाणार? फुलं लावली की माश्या येतात हे माझ्या पुस्तकात होतं. आलेल्या माश्या कुणाकडे जेवतात हे बहुधा दुसऱ्या वर्षाला असावं.

“माश्या आल्या गं,” आत्याबाई म्हणाल्या. “पर तुझ्याकडं आल्या. ही फुलं आठ-धा दिस ऱ्हात्यात, मग मिटत्यात.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिल्या.

काय करायला हवं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. हातात विळा घ्यायचा, मंजिऱ्या उतरवायच्या, माश्या आपोआप कांद्यावर जातील. अर्ध्या दिवसाचं काम. झाडं मरणारही नव्हती, पुन्हा फुटली असती. पण माझी बाग पहिल्यांदा अशी फुलली होती, आणि सोमवारी मोठे साहेब येणार होते. मी म्हणाले, “कापावी लागेल. पण तुळस कापायची कशी, आत्याबाई? तुम्हीच तिचं लग्न लावलंत.”

एकादशीला कांद्याची भजी मागून खाणारी मी हे बोलले. चेहरा गंभीर ठेवून बोलले.

आत्याबाईंनी पदर कमरेला खोचला. मग म्हणाल्या, “व्हय. ते बी खरंच,” आणि गोंड्यांवरून हात फिरवायला लागल्या.

ह्यांना संध्याकाळी एक युक्ती सुचली. आमच्या वाफ्यावर आत्याबाईंच्या जोडीने राबणारी एक बाई होती, मी तिला मावशी म्हणायची. पलीकडच्या बौद्ध वस्तीतली. कांदा निवडण्यापासून बी पाखडण्यापर्यंत ती आत्याबाईंच्या बरोबरीने असे, आणि डोळा एक की दोन यावर आत्याबाई अडल्या तर तिचा शब्द शेवटचा. ह्यांचं म्हणणं, तिला तुळशीचं काय पडलंय? सोमवार झाला की तिच्याकडून कापून घेऊ. म्हणजे साहेबही झाले, पापही टळलं. मला ते पटलं, यावरून माझी त्या वेळची अवस्था ओळखावी. दुसऱ्या दिवशी मी मावशीला विचारलं.

ती गोंड्यांवरून हात फिरवत होती, ती थांबली. “वैनी,” ती म्हणाली, “देव तुमचा, तुळस तुमची, लगीन तुमी लावलं. अन कापायच्या वक्ताला आमी आठवलो व्हय? आमी धरम बदललाय, गाव न्हाई बदललं. उद्या हितं कुनाचा बैल मेला तर नाव कुनाचं निघंल, ते सांगा.”

मला लाज वाटली, खरंच वाटली. पण त्या लाजेने मी हातात विळा घेतला, असं मात्र झालं नाही.

तो आठवडा आम्ही तिघी रोज सकाळी हात फिरवत होतो. आत्याबाईंची कंबर दुखायची, मध्येच बांधावर बसायच्या आणि पुन्हा उठायच्या. पहिल्या फुटीचे गोंडे एकेक करून पिवळट पडत गेले. मी रोज सकाळी मनात सोमवार किती दूर आहे ते बघायची, आणि कुणी काही म्हणायच्या आत आपणच म्हणायची, काय करणार, देवाची तुळस. आत्याबाई दर वेळी मान हलवायच्या.

सोमवार आला. मी अंगण सारवलं, परसात रांगोळीसुद्धा काढली. ह्यांनी रजा घेतली होती. दुपार कलली तेव्हा रस्त्यावर धुरळा दिसला. जीप आली, आमच्या फाट्यापाशी वेग जरासुद्धा कमी न करता धरणाच्या बाजूला निघून गेली. आम्ही दोघं दारात उभे होतो. हे म्हणाले, परत येताना थांबतील. परत येताना ते बहुधा दुसऱ्या रस्त्याने गेले.

मंगळवारी मी उठले तर परसात बायकांचा घोळका. आत्याबाई आंघोळ करून, ओल्या केसांनी, मांडीवर टोपली घेऊन बसल्या होत्या आणि रानतुळशीच्या मंजिऱ्या खुडत होत्या. वस्तीवरच्या सहा-सात बायका बरोबर होत्या, सगळ्या खडीच्या कामावर जाण्याआधी आल्या होत्या.

“नेम धरलाय,” आत्याबाईंनी मला सांगितलं. “इठोबाला लाख मंजिऱ्या वाहायच्या. पाऊस पडावा म्हनून.”

लाख वाहणं म्हणजे आमच्याकडे मोठं व्रत. कुणी लाख बेल वाहतं, कुणी लाख दूर्वा. लाख मंजिऱ्या कुणी ऐकल्या नव्हत्या, पण त्याला नाही कोण म्हणणार? विळा लावणं हे पाप, आणि बोटांनी खुडून देवाला घालणं हे पुण्य. कामाच्या दृष्टीने दोन्हींत काहीही फरक नव्हता. बायका शंभर खुडल्या की मिलोचा एक दाणा बाजूला ठेवत. मिलो म्हणजे त्या वर्षी रेशनवर आलेली तांबडी परदेशी ज्वारी. तिच्या भाकरी कुणाला आवडत नव्हत्या, मोजायला मात्र ती उत्तम होती. मावशीही आली. म्हणाली, “खुडते. मोजनार न्हाई. मोजायचं तुमचं तुमी बघा.”

मी स्वैपाकघरात जाऊन रडले. उगाच शहाणपणाचं काही सांगत नाही, मला त्या फुलांसाठी रडू आलं. दोन वर्षं मोरीचं पाणी वळवून वळवून जे वाढवलं ते टोपल्यांनी देवळात चाललं होतं. तीन दिवस चाललं होतं. विठोबा कमरेपर्यंत बुडाला. लवंगेच्या त्या वासाने पुजाऱ्याला शिंका आवरेनात, आणि तो विचारू लागला, लाख भरायला अजून किती आहेत? गुरुवारी माझ्या परसात उरल्या त्या नुसत्या हिरव्या काड्या.

शुक्रवारी माश्या आल्या. काड्यांवर घिरट्या घातल्या, एका झुडपावरून दुसऱ्यावर गेल्या, पुन्हा पहिल्यावर आल्या. त्यांची ती शोधाशोध मला बघवेना. मग थोड्या वेळाने परसातली गुणगुण विरत गेली आणि विहिरीकडून ऐकू यायला लागली. त्या कांद्यावर बसल्या होत्या. नाइलाजाने बसल्या असतील, पण बसल्या. मावशी बांधावर उभी होती. ती म्हणाली, “आत्याबाई, आता तुमी हात धुवून टाका.” आत्याबाई तिथंच बांधावर टेकल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी सून म्हणून आले त्याला तीन वर्षं होत आली होती, आणि त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघत होते.

चैत्रात गोंडे खुडले, आठ दिवस वाळवले, हातावर चोळले आणि आम्ही दोघी ओसरीवर पाखडायला बसलो. पहिल्या फुटीचे मोठे गोंडे आधी घेतले. तिघींनी इतका हात फिरवूनही ते चुरल्यावर बहुतेक फोलपटंच उडाली. मागून फुटलेले बारके गोंडे घेतले, त्यांतून बी निघालं. काळंभोर, टपोरं. सगळं मिळून मडक्याच्या तळाला चार बोटं. दोन वाफ्यांतून याच्या दुप्पट यायला हवं होतं. आत्याबाईंनी त्यातून चिमूट चिमूट बी चिंध्यांत बांधून खुडायला आलेल्या प्रत्येकीसाठी बाजूला ठेवलं. मावशीची पुरचुंडी सगळ्यांत मोठी होती.

“लाख भरल्या का हो शेवटी?” मी विचारलं. जरा टोचूनच विचारलं.

“कुनाला ठावं?” आत्याबाई म्हणाल्या. “बाया मोजत हुत्या. म्या न्हाई मोजलं.”

“म्हणजे नेम नव्हता?”

“नेम कसला? तुला विळा धरवना, अन देवाला काय, त्याला दिलं तरी चालतं, न्हाई दिलं तरी चालतं. म्हनून त्याच्या नावावर घातलं.”

मी फोलपटांकडे बघत होते. पहिल्या फुटीचे ते सगळे गोंडे त्याच आठ दिवसांत उमलून मिटले होते, हे मला आता कुणी सांगायची गरज नव्हती. “मग पहिल्याच दिवशी का नाही घातलंत? निम्मं बी गेलं की.”

“गेलं,” त्या म्हणाल्या. “वाट बघत हुते.”

“कशाची?”

“तुजी. तू आपनहून कापशील म्हनून.” त्या पाखडता पाखडता बोलत होत्या, आवाज चढला नव्हता. “म्या काप म्हनलं असतं तर कापलंच असतंस. सासूचा शबुद मोडनारी न्हाईस तू. पर मी काय जलमाला पुरनार हाय व्हय? माझ्या मागं हे कुनीतरी धरायला पायजे. दर साली धरायला पायजे. म्हनून बघत हुते, हे बी तुला आपल्या घरचं वाटतंय, का नुसतं सासूचं.”

मला विचारायचं नव्हतं, तरी मी विचारलं. “मग काय दिसलं?”

“सासूचं,” आत्याबाई म्हणाल्या, आणि सूप माझ्या हातात देऊन उठल्या.